हुन्नर हातात, हिशेब परक्याकडे : भीमा-घोड पट्ट्यातील व्यवसायशिक्षणाचा इतिहास

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्याच्या दक्षिण अंगाला, भीमेच्या काठी मांडवगण फराटा हे गाव वसलेले असून नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. उत्तरेकडून घोड आणि दक्षिणेकडून भीमा अशा दोन नद्यांमधला हा पट्टा आज उसाचा म्हणून ओळखला जात असला, तरी पाट आणि उपसा येण्यापूर्वी तो ज्वारी-बाजरीचा, अवर्षणाच्या छायेतला मुलूख होता. विकसनशील देशात व्यवसायशिक्षण वाढवले की कुशल हात वाढतात, कुशल हात वाढले की उत्पादन वाढते आणि उत्पादन वाढले की दारिद्र्य ओसरते, असे एक सरळ सूत्र विसाव्या शतकातील नियोजनकारांनी मांडले. ते तपासायला असा पट्टा उपयोगी पडतो, कारण येथे हुन्नराची, म्हणजे हाताने साधलेल्या कौशल्याची, वाण कधीच नव्हती. वाण होती ती हुन्नराचे मोल ठरवण्याच्या अधिकाराची. कामाचा हिशेब कोणाच्या हाती होता, या एका प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिले, तर येथील व्यवसायशिक्षणाच्या इतिहासाची संगती लागते.

हा इतिहास फार मागे जातो. याच तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा-चौदा वर्षे उत्खनन केले, आणि त्यातून इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे दगडाबरोबर तांबे वापरणाऱ्या, शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. पुराच्या पाण्याला वाट देणारा चर, धान्य साठवण्याचे बळद आणि भांडी भाजण्याच्या भट्ट्या तेथे सापडल्या. त्याहून बोलकी होती ती वस्तीची मांडणी, कारण कुंभार, सोनार, चुना भाजणारा यांसारख्या कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला, तर सधन शेतकऱ्यांची घरे मध्यभागी असल्याचे उत्खननकर्त्यांनी नोंदवले. त्यावरून पुढच्या जातिव्यवस्थेचे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. कारागिराची जागा गावाच्या कडेला असणे मात्र या भूमीला नवे नव्हते, एवढे म्हणता येते.

ऐतिहासिक काळात ही जागा बलुतेदारीने पक्की केली. बलुतेदार म्हणजे गावाची ठरावीक कामे वंशपरंपरेने करणारा आणि त्याबद्दल प्रत्येक शेतकऱ्याकडून सुगीला धान्याचा वाटा, म्हणजे बलुते, घेणारा सेवक. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव, जोशी अशी बारांची यादी सांगितली जात असली, तरी ती प्रांतोप्रांती बदलत असे. कामाचे महत्त्व पाहून या बारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी लावलेल्या असत आणि शेतीच्या अवजारांवाचून पान हलत नसल्यामुळे सुतार-लोहार थोरल्या ओळीत बसत. हे काम हे एक वतन होते, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा, वाटून घेता येणारा आणि प्रसंगी विकताही येणारा हक्क होता, म्हणूनच पेशवेकालीन कागदपत्रांत सुतारकी वा लोहारकीच्या वतनावरून उठलेले तंटे आढळतात. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने आणि पुष्कळदा कठोर शब्दांत वर्णन केले आहे. महसूल खात्यात काम केलेल्या या लेखकाचा मुख्य आक्षेप असा, की हक्क जन्माने मिळत असल्यामुळे काम चांगले करण्याची निकड कारागिराला उरत नाही.

ही व्यवस्था शाळाही होती, आणि तिची शिकवण्याची रीत बैलगाडीच्या चाकावर धाव बसवण्याच्या कामात स्वच्छ दिसते. चाकाच्या मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि त्यांवर बसणारे पाटे हे सुताराचे काम, तर पाट्यांना बाहेरून आवळणारी लोखंडी धाव हे लोहाराचे काम. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान वळवावी लागते. जमिनीवर गोवऱ्यांचे कडे रचून ती लाल होईपर्यंत तापवली की लोखंड प्रसरण पावते, आणि मग चौघांनी सांडशीने उचलून ती चाकावर घालायची, घणाने ठोकून बसवायची आणि लाकूड जळायच्या आत पाणी ओतायचे. निवणारे लोखंड आकसते आणि सगळे सांधे करकचून आवळले जातात. धाव किती लहान ठेवायची हे मापात चुकले, तर ती एकतर चढत नाही किंवा चढली तरी उन्हाळ्यात लाकूड सुकताच निसटते. लोहाराचा मुलगा हे प्रमाण भाता ओढता ओढता, वडिलांचा हात पाहून आणि चार वेळा चुकून शिके. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हा नियम त्याच्या हाताला ठाऊक होता, पण तो लिहून ठेवण्याची, दुसऱ्या कामाला लावण्याची किंवा अनोळखी माणसाला सांगण्याची सोय त्याच्या शिक्षणात नव्हती. शिवाय या कामाची किंमत खळ्यावर ठरे. पीक चांगले आले की वाटा भरीव, दुष्काळ पडला की मूठभर, आणि काम मात्र दोन्ही वर्षी तेवढेच. शेतकऱ्याच्या घरी आठ चाके दुरुस्त झाली की दोन, याने वाट्यात फारसा फरक पडत नसल्यामुळे अधिक किंवा सुबक काम करून अधिक मिळवण्याचा मार्गच बंद होता.

हिशेब दुसऱ्याच्या हाती असण्याची झळ केवळ कारागिराला लागली असे नाही, तर कुणब्यालाही लागली. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे भडकलेल्या आणि भीमथडी, शिरूर, इंदापूर या तालुक्यांत पसरलेल्या दख्खनच्या दंग्यांची पहिली ठिणगी त्याआधी काही महिने शिरूर तालुक्यातील करडे येथे पडली होती. तेथे एका सावकाराने हुकूमनामा बजावून कर्जदाराचे घर पाडल्यावर गावाने त्या सावकारावर बहिष्कार घातला. दंग्यांचा रोख माणसांपेक्षा कागदावर होता. न वाचता अंगठा दिलेली खतपत्रे हिसकावून घेऊन जाळणे हाच बहुतेक ठिकाणचा प्रकार असल्याचे चौकशी आयोगाच्या अहवालावरून दिसते. याच पार्श्वभूमीवर जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेले निवेदन वाचायला हवे. खेड्यातील प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, आणि लहान आदर्श शेतांवर मुलांना प्रत्यक्ष धडे मिळावेत, अशी त्यांची मागणी होती. शेतीचा धडा आणि जमाखर्च एकाच अभ्यासक्रमात मागणारी ही मांडणी पुढच्या शंभर वर्षांतील अनेक योजनांपेक्षा नेमकी होती.

सरकारी यंत्रणेचा ओघ मात्र दुसरीकडे होता. पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग आणि यंत्रशाळा निघाली ती बांधकाम खात्याला दुय्यम नोकर पुरवण्यासाठी, मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था उभी राहिली ती प्रामुख्याने गिरण्यांच्या गरजेतून, आणि १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी बडोद्यात काढलेल्या कलाभवनाने देशी भाषेतून तंत्रशिक्षण देण्याचा अपवादात्मक प्रयत्न केला, तरी त्याचा प्रकाश भीमेच्या काठापर्यंत पोहोचण्याचे कारण नव्हते. येथे यंत्र आले ते रेल्वेच्या रूपाने. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर मुंबई-सोलापूर मार्गावरचे दौंड हे जंक्शन बनले आणि इंजिन, रूळ व वाघिणी यांच्याभोवती रोख पगाराची एक नवी दुनिया उभी राहिली. त्या दुनियेत बलुत्याऐवजी हजेरी होती, म्हणजे कामाच्या दिवसांची नोंद आणि तीवर ठरणारा पगार. हजेरीने जातीची सक्ती सैल केली, हे तिचे मोठे देणे. मोल ठरवणारा मात्र पुन्हा दुसराच राहिला.

शेतीने पोट भरेनासे झाल्यामुळे ही हजेरी अपरिहार्य झाली होती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली असे दाखवले, की १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेले धारणक्षेत्र १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते आणि गावातील कितीतरी माणसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील मजुरीवर तगून होती. चार वर्षांनी त्यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह प्रसिद्ध केलेली दुसरी पाहणी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची होती, आणि कारखान्याची मजुरी हाताशी नसलेल्या या गावाची कर्जबाजारी स्थिती पहिल्याहून बिकट निघाली. एकाच जिल्ह्यातील या दोन गावांची तुलना व्यवसायशिक्षणाच्या अर्थशास्त्राचा पहिला धडा देते: कौशल्याला भाव येतो तो गिऱ्हाईक किंवा मालक जवळ असला तरच.

मांडवगणच्या पट्ट्यात असे गिऱ्हाईक पाण्याने आणले. खडकवासल्याचे धरण आणि मुठेचा उजवा कालवा यांचे काम १८७० च्या दशकात झाले, कालवा आजच्या दौंड तालुक्यातून पाटसच्या दिशेने गेला आणि स्वातंत्र्यानंतर घोड धरण, चासकमान धरण व भीमेवरचे बंधारे यांनी नदीच्या दोन्ही तीरांवर ऊस रुजवला. उसाबरोबर गुऱ्हाळ आले आणि गुऱ्हाळाबरोबर गुळव्या, म्हणजे रस आटवून गूळ साधणारा मुख्य कारागीर. चुलवाणावर ठेवलेल्या काहिलीत रस उकळत असताना तो रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतो आणि झाऱ्याने काढून टाकतो. पाक घट्ट होऊ लागला की त्याचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळते का, हे तो पाहतो. रसाचे तापमान या क्षणी ११८ अंश सेल्सियसच्या आसपास असते, पण गुळव्याला तापमापीची गरज पडत नाही. घाई झाली तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर गूळ काळवंडतो, आणि या काही क्षणांच्या निर्णयावर पूर्ण आधणाची किंमत अवलंबून असते. तरीही या ज्ञानासाठी शाळा निघाली नाही. ढेपेचा भाव बाजारात आडत्याच्या दुकानी ठरे आणि गुळव्याला त्यातला ठरलेला रोज मिळे.

सहकारी साखर कारखान्यांनी याच ज्ञानाचे यंत्रशाळेत रूपांतर केले. पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा हे या परिसरातले कारखाने. अशा कारखान्यात फिटर, टर्नर, वेल्डर, तारतंत्री आणि पाकाचे स्फटिक साधणारा पॅनमन यांच्या जागा निघतात, आणि पॅनमन हा तर गुळव्याचाच प्रमाणपत्रधारी वारस म्हणावा लागेल. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे वसंतदादा पाटील यांचे नाव मिळालेली साखर संस्था अशा कामगारांना व तंत्रज्ञांना शिक्षण देते. १९५० मध्ये केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केल्यावर औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, उभ्या राहू लागल्या आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. पुढे रांजणगावला औद्योगिक वसाहत आल्यावर शिरूर तालुक्यातील आयटीआय झालेल्या मुलांना मोटार आणि घरगुती उपकरणांच्या कारखान्यांचे दरवाजे दिसू लागले. येथे शिक्षण आणि वाढ यांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: आधी पाणी, मग ऊस, मग कारखाना आणि त्यामागून कौशल्याची मागणी. शिक्षणाने ही वाढ सुरू केली नाही, पण वाढ सुरू झाल्यावर तिच्यात शिरकाव कोणाला मिळेल हे शिक्षणाने ठरवले.

नेमका हाच मुद्दा जागतिक चर्चेत १९६५ साली फिलिप फॉस्टर यांनी घानाच्या अनुभवावरून मांडला होता. व्यवसायशाळा काढल्या की मुले कारागिरीकडे वळतील ही समजूत त्यांनी भ्रामक ठरवली. कारकुनी नोकरीला अधिक पगार आणि अधिक मान असेल, तर पुस्तकी शाळा निवडणारे पालक आंधळे नसून हिशेबी असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. भारतातला अनुभव त्याला दुजोरा देतो. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणारी नयी तालीम मांडली, साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कमवा आणि शिका हे सूत्र वसतिगृहांतून राबवले, १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली, आणि १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसायशाखेकडे नेण्याचे उद्दिष्ट ठरवले. महाराष्ट्रात किमान कौशल्याधारित अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी, सुरू झाले. तरीही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच असे नमूद आहे, की बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयोगटातील पाच टक्क्यांहून कमी भारतीय कामगारांनी औपचारिक व्यवसायशिक्षण घेतले होते, तर हेच प्रमाण जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते. जर्मनीत उमेदवार आठवड्याचे काही दिवस शाळेत आणि उरलेले कारखान्यात घालवतो व त्याला भत्ता मिळतो, म्हणजे तेथे हात आणि पुस्तक वेगळ्या समाजांत वाटलेले नाहीत. ज्या देशात हाताचे काम पिढ्यान्‌पिढ्या खालच्या ओळीचे ठरवले गेले, तेथे व्यवसायशाखा म्हणजे नापासांची शाखा अशी प्रतिमा होणे ओघानेच आले.

या पार्श्वभूमीवर शिरूर तालुक्याच्याच पश्चिम भागातील पाबळ येथे १९८३ मध्ये सुरू झालेला विज्ञान आश्रम वेगळा ठरतो. मस्तानीच्या समाधीसाठी इतिहासप्रेमींना ठाऊक असलेले हे गाव त्या वेळी अवर्षणग्रस्त होते. आश्रमाचे संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली होती आणि म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेत व नंतर हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केले होते. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव असलेल्या जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली, डॉ. चित्रा नाईक यांच्या पाठिंब्याने त्यांनी हे केंद्र उभारले. कार्यानुभवाची कागदावरची शिफारस अशा रीतीने त्याच परंपरेतील संस्थेच्या आश्रयाने एका दुष्काळी गावात अमलात आली.

कलबागांच्या पद्धतीचे गमक असे, की एका मुलाला एकच धंदा न शिकवता शेती-पशुपालन, यंत्रकाम-बांधकाम, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य अशी चारही अंगे शिकवायची, आणि शिकताना केलेले काम गावाला पैसे घेऊन विकायचे. गावाची गरज हाच अभ्यासक्रम ठरल्यामुळे गिऱ्हाईक शोधण्याचा प्रश्न शिक्षणानंतर न उरता शिक्षणाच्या आत आला. माध्यमिक शाळेतील आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातील एक दिवस या कामाला देणाऱ्या मूलभूत तंत्रज्ञान परिचयाच्या अभ्यासक्रमाला राज्य मंडळाची मान्यता मिळाली, तर शाळा सुटलेल्या तरुणांसाठी एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. शिकवणारे निदेशक पदवीधर असण्यापेक्षा हाताने काम करणारे असावेत असा आग्रह होता. जुन्या जीपच्या भागांतून बनवलेला ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर, त्रिकोणी चौकटी जोडून उभारलेली घुमटाकार घरे आणि भूजल शोधण्यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजण्याचे यंत्र ही या केंद्राची ठळक कामे. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने हवी ती वस्तू घडवण्याची छोटी प्रयोगशाळा, सुरू झाली आणि एमआयटीबाहेरची ती जगातील पहिली मानली जाते. कलबाग २००३ साली निवर्तले, पण केंद्र आणि त्याची शालेय योजना पुढे चालत राहिली.

या पद्धतीचे मर्म एका साध्या फाटकाच्या कामात उकलते. गावातील एखाद्याला लोखंडी फाटक हवे असेल, तर विद्यार्थी आधी कागदावर आकृती काढतो, उभ्या-आडव्या तुकड्यांची लांबी मांडतो आणि एकूण अँगल किती मीटर लागेल याची बेरीज करतो. २५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरमागे सुमारे १.१ किलो भरत असल्यामुळे लांबीवरून वजन आणि वजनावरून लोखंडाची किंमत निघते. तिच्यात वेल्डिंगच्या कांड्या, वीज, रंग, यंत्राची झीज आणि मजुरी मिळवली, की येणारा आकडा म्हणजे फाटकाचा खर्च, ज्याला तेथील मुले कॉस्टिंग म्हणतात. त्यावर नफा किती ठेवायचा, हे ठरवूनच फाटकाला हात लागतो. धाव बसवणाऱ्या लोहाराकडे या मुलाइतके, किंबहुना अधिक, हातातले ज्ञान होते आणि गुळव्याच्या बोटांतील अचूकता या मुलाला वर्षभरात साधणारही नाही. तरी त्या दोघांच्या शिक्षणात जी एक गोष्ट नव्हती, ती या कागदावर आहे: आपल्या कामाचे मोल आपण मांडणे. फुल्यांनी शेतीचा धडा आणि हिशेब शेजारी शेजारी ठेवले होते, ते येथे पुन्हा शेजारी आले.

पाबळचा प्रयोग देशाच्या मानाने लहान आहे, आणि त्याची प्रतिकृती शेकडो शाळांत नेताना निदेशक, साहित्य आणि वेळापत्रक या तिन्ही बाबींत ओढाताण होते. मांडवगणच्या पट्ट्यात बाजारगावी आज मोटार रिवाइंडिंग, ठिबकची जोडणी, ट्रॅक्टर दुरुस्ती आणि वेल्डिंगची दुकाने दिसतात, आणि त्यांतले बरेचसे कौशल्य अजूनही मिस्त्रीच्या हाताखाली हेल्पर म्हणून राहूनच शिकले जाते. ही नवी उमेदवारी जन्माला बांधलेली नाही, हे बलुत्याहून पुढचे पाऊल होय. पण मिस्त्री हात शिकवतो आणि हिशेबाची वही आपल्याजवळ ठेवतो, तोवर ती अर्धीच आहे. व्यवसायशिक्षण आणि आर्थिक वाढ यांचा संबंध संस्थांच्या आणि प्रमाणपत्रांच्या मोजणीवरून पुरता कळत नाही. खळ्यावरचा वाटा, हजेरीपत्रकावरची नोंद आणि विद्यार्थ्याने स्वतः मांडलेला फाटकाचा खर्च हे तीन कागद शेजारी ठेवले, तर या दोन नद्यांमधल्या गावांनी किती वाट चालली आणि किती बाकी आहे, याचा अंदाज अधिक नेमका येतो.